मे महिन्यात ट्राउट पकडायला जायचंय? कोल्हापुरातनं निघण्यापासनं मासा सोडेपर्यंत सगळं

पंचगंगेवर गरी टाकून चिलापी आणि वाम काढत मोठा झालेला माणूस पहिल्यांदा हिमाचलात ट्राउटच्या मागं गेला की काय होतं ते मी भोगलंय. तीन दिवस, एक मासा नाही. रॉड बरा होता, डब्यात साठ-सत्तर फ्लाय, म्हणजे हुकावर पिसं बांधून केलेल्या खोट्या माश्या होत्या, कास्टिंग, म्हणजे दोरी फेकायचं तंत्र, इथंच मैदानावर घोटून घेतलं होतं, आणि रोज सकाळी दोन आलू पराठे चेपून आरामात दहाला नदीवर जाऊन दोनपर्यंत उन्हात उभा राहायचो. चौथ्या दिवशी पहाटे पाचला होमस्टेच्या काकांनी दार वाजवलं आणि म्हणाले, "दस बजे मछली नहीं, टूरिस्ट नहाता है." गेलो. अर्ध्या तासात दोन मासे. नदी तीच, माशी तीच, टाकणारा गडी पण तोच, फक्त घड्याळ बदललं होतं.

म्हणून या लेखात रॉड-रीलचं कौतुक कमी आणि पाणी किती गार आहे, किती वाजलेत याचं पुराण जास्त येणार आहे. उन्हाळ्यातली ट्राउट म्हणजे निम्मं काम थर्मामीटरचं, उरलेलं पायाचं आणि हाताचं.

आधी मासा समजून घ्या

ट्राउट आपल्याकडचा नाही, भारतातलाच नाही. इंग्रजांना इथं आल्यावर घरच्यासारखी मासेमारी पाहिजे होती म्हणून त्यांनी अंडी बोटीनं आणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला काश्मीरमधे आणि मग १९०९ च्या सुमाराला कुलू खोऱ्यात ट्राउट वाढवायला सुरुवात केली. दोन जाती लक्षात ठेवा. ब्राउन ट्राउट युरोपातला, अंगावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. रेनबो अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, अंगावरनं गुलाबी पट्टा जातो आणि शेपटीवर पण बारीक ठिपके असतात. नदीत तुम्हाला जास्त करून ब्राउन भेटणार, ताटात रेनबो, कारण फार्मवर तोच पाळतात.

सगळ्यात महत्त्वाचं, याला गार पाणी लागतं. १० ते १६ अंश सेल्सिअसला तो खातो, पळतो, भांडतो. १८ च्या वर गेलं की सुस्त होतो आणि २० च्या वर त्याला गळाला लावणं म्हणजे दमेकऱ्याला पळवण्यासारखं आहे, सोडलात तरी मरायची शक्यता बरीच. कारण साधं आहे, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. १० अंशाच्या एका लिटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. आता कळलं का राधानगरीत किंवा आंबोलीच्या ओढ्यात ट्राउट का नाही? दर वर्षी कोण ना कोण विचारतंच मला, वारणेत सोडून बघायचं का म्हणून. नाही जगणार भावा, आणि जगला तरी आपल्या खडसच्या, म्हणजे महसीरच्या, पोटावर पाय येईल, नकोच ते.

दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरावर पण इंग्रजांनी ट्राउट सोडलाय, कोल्हापुरातनं ते जवळ पडतं, पण तिथलं पाणी बरंचसं जंगल खात्याच्या राखीव भागात आहे आणि परवानगीचं झंझट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हिमाचलच धरावं.

कधी आणि कुठं

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यावर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर बंदी असते कारण तेव्हा ब्राउन अंडी घालतो. मार्चला उघडतं. आपल्या पोराबाळांच्या सुट्ट्या मे मधे, म्हणून मेचा पहिला पंधरवडा ते जूनचा पहिला आठवडा हा माझा हिशोब. पुढं जूनच्या शेवटाला पाऊस येतो आणि मग नदीचा चहा होतो. जुलै-ऑगस्टला जाऊच नका, २०२३ च्या जुलैमधे कुलू-मंडीत बियास नदीनं काय केलं ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंय.

पहिल्या ट्रिपला तीर्थन नदी. कोल्हापुरातनं आठवड्यातनं एकदा सुटणारी निजामुद्दीन एक्सप्रेस पकडायची, दिल्लीत एक अंघोळ, रात्रीची मनाली व्होल्वो, आणि पहाटे औटला उतरायचं. ड्रायव्हरला दोन वेळा सांगून ठेवा नाहीतर झोपेत थेट कुलू. औटवरनं बंजार आणि पुढं गुशैणीला लोकल बस आहे. नदीकाठानं होमस्टे आहेत, बऱ्याच जणांच्या अंगणाखालूनच नदी जाते. दुसरा पर्याय बरोट, उहल नदीवर, जोगिंदरनगरच्या वर. इंग्रजांच्या काळातल्या शानन वीज प्रकल्पासाठी ही नदी तिथंच अडवलीय, गाव छोटं आणि गर्दी वीकेंडला सोडली तर बरी.

लायसन लागतं, मत्स्य विभागाचं. ते आधी काढायचं आणि मगच रॉडची पिशवी उघडायची. दिवसाला किती मासे ठेवायचे, केवढे ठेवायचे, कुठल्या पट्ट्यात बंदी आहे हे तिथं नीट विचारून घ्या, दर पण बदलत असतात. होमस्टेवाल्याला आधी फोन केला तर बहुतेक तोच व्यवस्था सांगतो. तीर्थनचा वरचा भाग ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधे जातो, त्या हद्दीत परवानगीशिवाय रॉड घेऊन शिरायचं नाही.

सामान, आणि काय घेऊ नये

आपली गरीची काठी आणि फ्लाय रॉड यात मूळ फरक एकच आहे. आपण तंगूसला शिसं बांधतो, ते शिसं उडतं आणि मागनं तंगूस जातो. इथं माशीला वजनच नाही, कोंबडीच्या पिसाचे चार केस आणि एक हुक, ती काय उडणार. म्हणून इथं दोरीच जड असते आणि तुम्ही दोरी फेकता, माशी तिच्या शेपटीला लटकून जाते. एवढं डोक्यात बसलं की बाकी कास्टिंग सोपं होतं.

रॉड साडेआठ फुटी, ४ किंवा ५ वेटचा, चार तुकड्यांचा म्हणजे रेल्वेत वरच्या बर्थवर मावतो. वेट म्हणजे रॉडचं वजन नव्हे, कुठल्या वजनाची दोरी त्याला चालते तो आकडा, ५ च्या रॉडला ५ चीच लाइन. लाइन, म्हणजे ही जड दोरी, तरंगणारी आणि वेट फॉरवर्ड, म्हणजे वजन पुढच्या टोकाकडं असलेली. तिच्या पुढं ९ फुटाचा निमुळता पारदर्शक धागा, म्हणजे लीडर, ४ एक्स, आणि त्याच्या टोकाला माशी बांधायचा बारीक धागा, म्हणजे टिपेट, दोनेक फूट, ५ एक्स. हा एक्स उलटा चालतो, आकडा मोठा तेवढा धागा बारीक. ११ मधनं एक्स वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी येते, म्हणजे ५ एक्स बरोबर ६ हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. केसाहून जरा जाड, बास. रील साधी चालते, या नद्यांत मासा काय शंभर फूट पळत नाही. रॉडवर पैसे घालवण्यापेक्षा लाइन चांगली घ्या, स्वस्तातली लाइन वेटोळी धरते आणि तुम्ही मात्र रॉडला शिव्या देत बसता.

माश्या. मी साठ नेल्या होत्या, वापरल्या पाच. पाण्यावर तरंगणाऱ्या दोन, पॅराशूट अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, १४ आणि १६ नंबरच्या. बुडणाऱ्या दोन, फेझंट टेल आणि हेअर्स इअर, डोक्याला पितळी किंवा टंगस्टनचा मणी असलेल्या. आणि गढूळ पाण्यासाठी एक काळा वूली बगर ८ किंवा १० नंबरचा. हुकाचा नंबर पण उलटाच, १६ हा १२ पेक्षा लहान. प्रत्येकी सहा-सहा घ्या कारण झाडं खातात, तुमच्या निम्म्या माश्या देवदारालाच लागणार आहेत. हुकाचा काटा, म्हणजे ती उलटी बार्ब, पकडीनं दाबून टाका. मासा पटकन सुटतो, आणि हुक तुमच्या कानात घुसला तरी पटकन निघतो, हे दुसरं मी अनुभवानं सांगतोय.

पोलराइज्ड गॉगल लागतोच, त्याशिवाय पाण्याखालचा दगड पण दिसत नाही आणि मासा पण. अॅक्वेरियमच्या दुकानातला थर्मामीटर, दोरी बांधून. रबराच्या जाळीचं छोटं नेट. वेडर्स, म्हणजे पाणी आत न येणारी छातीपर्यंतची विजार, उन्हाळ्यात नाही घेतले तरी चालतं, पातळ ट्रॅक पँट आणि जाड मोजे, पण बुटाला तळ पकडणारा पाहिजे. पहिल्या वर्षी आमच्यातला एक गडी कोल्हापुरी पायताण घालून पाण्यात उतरला होता, पायताण तिथनं जे गेलं ते बहुतेक खाली लार्जी धरणाला निघालं असंल.

घरी करायची तयारी

जायच्या आधी निदान पंधरा दिवस, रोज वीस मिनिटं. तपोवन मैदान, युनिव्हर्सिटीचा माळ, कुठंही, पण पोरं क्रिकेट खेळत असतील तर लांब. माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधा, हुक नको. २५ फूट लाइन बाहेर काढून समोर सरळ पसरा. मग रॉड हळू उचलत उचलत वेग वाढवा आणि कानाच्या जरा मागं गचकन थांबवा. थांबा. मागं लाइन पूर्ण उलगडू दे. ही जी थांबायची वेळ आहे ना, तिथंच सगळे मार खातात, आपण घाईनं पुढं मारतो आणि चाबकासारखा आवाज येतो, तो आवाज आला म्हणजे खरी माशी तुटून गेली असती. मान वळवून मागं बघा, लाज वाटून घेऊ नका. लाइन सरळ झाली की पुढं आणा आणि परत गचकन थांबवा, डोळ्याच्या उंचीवर. ताकद नाही लागत यात. तालमीत घुमलेला आमचा दोस्त सगळ्यात वाईट कास्ट करायचा आणि त्याची बारा वर्षाची पोरगी दुसऱ्या दिवशी बापाला शिकवत होती.

लांब टाकायच्या नादाला लागू नका. डोंगरातल्या नदीत दहातले आठ मासे ३० फुटाच्या आतच लागतात. त्यापेक्षा रोल कास्ट शिका, कारण पाठीमागं झाडं असतात आणि लाइन मागं जायला जागा नसते. रॉड हळू मागं आणायचा, लाइनचं पोट खांद्यामागं लोंबू द्यायचं, आणि हातोडी मारल्यासारखं पुढं. हे गवतावर नीट जमत नाही, पाण्याची पकड लागते, म्हणून रविवारी सकाळी नदीकाठ गाठा, लोकरच बांधून.

गाठी दोन. माशीला इम्प्रूव्हड क्लिंच, पाच वेढे, ओढायच्या आधी थुंकी लावून ओली करायची नाहीतर घर्षणानं टिपेट जळतं. लीडरला टिपेट जोडायला सर्जन्स गाठ. रात्री लाइट गेली असताना मोबाईलच्या उजेडात बांधता आली म्हणजे आली.

नदीवर

पाण्यात थर्मामीटर दोन मिनिटं बुडवून ठेवा, सावलीत वाचा. ९-१० अंश असेल तर मासा खाली दगडाजवळ आहे, बुडणारी माशी. १२ ते १६ असेल तर देव पावला. मार्च-एप्रिलला पहाटे पाणी फार गार असतं म्हणून तेव्हा उलट दुपारच बरी, पण मे-जूनला पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाचपासून अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळेत झोपा. दुपारी आणखी एक भानगड असते, वरचा बर्फ दिवसभर वितळतो आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं, नदी वाढते आणि दुधाळ होते. बर्फ जवळ असलेल्या नदीवर म्हणूनच संध्याकाळ वाया जाते, तिथं पहाटच धरायची. किंवा बाजूचा नाला शोधा जो स्वच्छ असतो, तो नदीला मिळतो त्या जागी मासे गोळा होतात.

लगेच पाण्यात उतरू नका. दहा मिनिटं बसा, बिडी-चहा काय असंल ते करा आणि बघा. काठावरचा एखादा दगड उलटा करा, खाली चिकटलेले किडे बघा. दोन-तीन शेपट्यांचे चपटे ते मेफ्लायचे, वाळूच्या कणांची नळी करून आत बसलेले ते कॅडिस. काळपट आणि बारीक असतील तर फेझंट टेल, नळ्याच नळ्या असतील तर संध्याकाळी एल्क हेअर. किडा दगडाखाली परत ठेवा.

मासा कुठं असतो? त्याला तीन गोष्टी पाहिजेत, वाहून येणारं खाणं, प्रवाहापासनं आडोसा आणि वरनं पक्षी दिसला तर लपायला जागा. म्हणून मोठ्या दगडाच्या मागचं संथ पाणी, दगडाच्या पुढ्यातली संथ पाण्याची उशी, आणि सगळ्यात भारी म्हणजे जोरात आणि हळू पाणी एकमेकाला घासून जातं ती रेघ, तिच्यावर फेस वाहत असतो. फेस वाहतो तिथनंच किडे वाहतात. ऊन वाढलं की मासे संथ डोह सोडून खळखळत्या पांढऱ्या पाण्यात जातात कारण तिथं हवा मिसळते. आपण मात्र सवयीनं डोह बघून खूश होतो, पंचगंगेचा नाद जात नाही.

ट्राउट तोंड प्रवाहाकडं करून उभा असतो. म्हणजे तुम्ही खालच्या बाजूनं त्याच्या पाठीमागनं जायचं आणि वरच्या दिशेनं टाकायचं. वाकून चला, गडद कपडे घाला, सावली पाण्यावर पडू देऊ नका. पाण्यातनं माशाला वरचं जग एका गोल खिडकीतनं दिसतं, त्या खिडकीच्या कडेला अगदी खाली असणारं त्याला जवळपास दिसत नाही, म्हणून गुडघ्यावर बसलेला माणूस दिसत नाही आणि उभा असलेला लगेच दिसतो.

आता मुख्य गोष्ट. माशी पाण्यावर पडली की ती पाण्याच्याच वेगानं वाहिली पाहिजे, दोरीला बांधलेली नसल्यासारखी. तुमच्या आणि माशीच्या मधे जोराचं पाणी असलं की ते लाइनला ओढतं, लाइन माशीला ओढते, आणि माशीच्या मागं बारीक रेघ उमटते स्पीडबोटीसारखी. ट्राउट ते बघतो आणि तोंड फिरवतो. उपाय सोपा आहे, जवळ जा. दोन रॉड अंतरावर जाऊन, रॉड उंच धरून, जमेल तेवढी लाइन पाण्याच्या वरच ठेवा, फक्त लीडर पाण्यावर. लांबनं टाकावंच लागलं तर माशी पडल्या पडल्या मनगटानं लाइनचं पोट वरच्या बाजूला उचलून टाका, त्याला मेंडिंग म्हणतात. एका जागी सहा-सात वेळा टाका आणि पुढं सरका, तिथंच अर्धा तास काढायचा नाही.

काय चालेल कळत नसलं तर दोन्ही बांधा. वर एल्क हेअर, तिच्या हुकाच्या वाकाला दीड फूट टिपेट आणि त्याला फेझंट टेल. वरची माशी तरंग्याचं काम करते, ती थबकली किंवा बुडाली की उचला. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मी तर म्हणतो सगळा वेळ हेच करावं.

उचलायचं म्हणजे उचलायचंच, चिलापीला देतो तसा हिसका नाही. ५ एक्स टिपेट आहे, तंगूस नाही. रॉडचं टोक वर, लाइन ताठ, बास. मग रॉड वाकलेला ठेवा, तो पळाला तर पळू द्या, थांबला की गोळा करा, आणि रॉड आडवा करून बाजूनं ओढा, वरनं नाही. फार वेळ खेळवू नका, दमून मरतो.

सोडताना

हात आधी पाण्यात भिजवा. अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत आहे, कोरड्या हातानं तो निघतो आणि मागनं बुरशी लागते. मासा नेटमधे पाण्यातच ठेवून हुक काढा, फोटो काढायचाच असेल तर दोस्ताचा मोबाईल तयार ठेवून मग उचला, तीन-चार सेकंद. गवतावर आपटून इंच मोजणारे बघितलेत मी, बोलायचं नाही म्हणून गप्प बसलो. मग पोटाखाली हात ठेवून प्रवाहाकडं तोंड करून धरा, तो स्वतः हातातनं निसटेपर्यंत.

खायचा असेल तर फार्मवरनं विकत घ्या, तीर्थन आणि बरोट दोन्हीकडं मिळतो. बारीक खवले, काढायची गरज नाही. तांबड्या रश्शात घालू नका रे, नाजूक मासा आहे, सगळा मसालाच लागतो. मीठ, हळद, मोहरीचं तेल आणि तवा. आमची कांदा-लसूण चटणी बाजूला ताटात, काकांनीच संपवली.

पाण्याचं भ्या ठेवा

आपण कोल्हापूरवाले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे शेंबड्या पोराला पाठ असतंय, राधानगरीचे दरवाजे उघडले की गावभर कळतं. तिकडं तुम्हाला कोण कळवणार नाही. २०१४ च्या जूनमधे थलोटजवळ लार्जी धरणातनं पाणी सोडलं आणि बियासमधे फोटो काढत उभे असलेले हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. म्हणून धरणाच्या खालच्या पट्ट्यात पाण्यात उतरायचंच नाही. दुसरीकडं काठावर एक दगड खूण म्हणून धरा, दर पंधरा मिनिटांनी बघा. तो भिजायला लागला, पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली, की लाइन गोळा न करता वर पळायचं, रॉड गेला तर गेला. वर डोंगरात काळं झालं असलं तर तुमच्या डोक्यावर ऊन आहे याला काही अर्थ नाही.

ओलांडताना काठी वरच्या बाजूला टेकवत, तिरकं खालच्या दिशेला, एक पाय घट्ट बसल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. गुडघ्याच्या वर पाणी आणि जोर असेल तर परत फिरा. पडलातच तर उठायला बघू नका, पाय दगडात अडकतो. उताणं होऊन पाय पुढं, आणि काठाकडं हात मारत राहा.

परत आल्यावर लाइन कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून पुसून घ्या. बूट आणि नेट धुवून कडकडीत उन्हात पूर्ण वाळवा, एका नदीतली घाण आणि शेवाळ दुसऱ्या नदीत जायला नको. आमच्या मातोश्रींनी माझे बूट गॅलरीतनं थेट गच्चीवर पाठवले होते, आठ दिवस तिथंच होते, वाळले चांगले.